ख्रिस्ती धार्मिक कलेतील हस्तमुद्रा

ख्रिस्ती धार्मिक कलेतील हस्तमुद्रा म्हणजे भित्तिचित्रे, कुट्टिमचित्रे (मोझेइक), प्रतिमाचित्रे (आयकॉन), हस्तलिखिते, शिल्पे व तैलचित्रे यांत येशू ख्रिस्त, मरीया, देवदूत, प्रेषित आणि संत यांच्या हातांची व बोटांची दाखवलेली अर्थपूर्ण ठेवण होय. आशीर्वाद, प्रार्थना, उपदेश, निर्देश, स्वीकार, नकार, शोक व लज्जा हे भाव या मुद्रांतून व्यक्त होतात. बहुसंख्य उपासक निरक्षर असलेल्या काळात चित्रातील व्यक्ती कोण आहे आणि प्रसंगाचा कोणता क्षण चालू आहे, हे ओळखण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे या मुद्रा होत्या.

भारतीय वाचकाला ‘मुद्रा’ हा शब्द नाट्यशास्त्र, शास्त्रीय नृत्य व बौद्ध मूर्तिकला यांमुळे परिचित आहे. ख्रिस्ती कलेच्या संदर्भात तो सोयीसाठी वापरला जातो. ख्रिस्ती परंपरेत हस्तमुद्रांची नावे व लक्षणे सांगणारे नाट्यशास्त्रासारखे मूळ शास्त्र नव्हते. बहुतेक मुद्रा वक्तृत्व, राजदरबार, कायदा, उपासनाविधी व दैनंदिन व्यवहार यांतून कलेत आल्या आणि त्यांचे धर्मशास्त्रीय स्पष्टीकरण पुष्कळदा नंतर दिले गेले. असे स्पष्टीकरण एकदा रूढ झाले की मात्र त्याला मोठे महत्त्व प्राप्त होई. १७व्या शतकातील रशियात बोटांच्या ठेवणीवरून चर्चमध्ये कायमची फूट पडली.

पार्श्वभूमी

आरंभीची ख्रिस्ती कला रोमन साम्राज्यात विकसित झाली. रोमन समाजात हातवारे हा सार्वजनिक भाषणाचा आवश्यक भाग मानला जाई. वक्तृत्वाचा आचार्य क्विंटिलियन याने इ. स. पहिल्या शतकात रचलेल्या आपल्या ग्रंथाच्या ११व्या खंडात वक्त्याने हात व बोटे कशी ठेवावीत याची सविस्तर चर्चा केली आहे. दुसऱ्या शतकातील लेखक अपुलेयस याच्या कादंबरीतील एक पात्र गोष्ट सांगण्यापूर्वी वक्त्याप्रमाणे उजवा हात पुढे करून शेवटची दोन बोटे मिटते व उरलेली ताठ करते. हीच ठेवण पुढे ख्रिस्ताच्या आशीर्वादाची मुद्रा म्हणून प्रसिद्ध झाली.

त्यामुळे प्राचीन व मध्ययुगीन चित्रांत उचललेला उजवा हात प्रत्येक वेळी आशीर्वादच दर्शवतो असे नाही. अनेकदा त्याचा अर्थ ‘ही व्यक्ती बोलत आहे’ एवढाच असतो. मरीयेला संदेश देणारा गब्रीएल देवदूत अशा मुद्रेत दिसतो, तेव्हा तो मुख्यतः बोलणारा दूत असतो.

उभारलेले हात : ओरान्स

दोन्ही हात खांद्यांच्या उंचीपर्यंत वर करून तळवे समोर उघडे ठेवण्याच्या मुद्रेस लॅटिनमध्ये ‘ओरान्स’, म्हणजे प्रार्थना करणारा किंवा करणारी, असे म्हणतात. ही ख्रिस्ती कलेतील सर्वांत जुन्या मुद्रांपैकी एक आहे. रोममधील भुयारी दफनभूमींच्या (कॅटाकोम) भिंतींवर ती वारंवार आढळते. प्रिसिला दफनभूमीतील तिसऱ्या शतकातील बुरखाधारी स्त्रीचे चित्र हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. तारवातील नोहा, सिंहांच्या गुहेतील दानीएल आणि धगधगत्या भट्टीतील तीन तरुण हेही याच मुद्रेत रंगवलेले आहेत. मृत्यूच्या दारातून सुटलेल्या या व्यक्तींची चित्रे थडग्यांजवळ काढण्यामागे मृतासही तशीच सुटका लाभावी ही आशा होती.

ही मुद्रा ख्रिस्ती लोकांनी निर्माण केलेली नव्हती. रोमन नाण्यांवर धर्मनिष्ठेची देवता पिएतास अशाच प्रकारे हात उभारून उभी असलेली दिसते. ख्रिस्ती लेखकांनी तिला नवा अर्थ दिला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळातील लेखक तर्तुलियन याने प्रार्थनेतील पसरलेल्या हातांचा संबंध ख्रिस्ताच्या क्रूसावरील दुःखसहनाशी जोडला.

पुढे ही मुद्रा विशेषतः मरीयेशी निगडित झाली. कीव्ह येथील सेंट सोफिया कॅथेड्रलमधील ११व्या शतकातील मरीयेचे भव्य कुट्टिमचित्र ‘ओरांता’ या नावानेच ओळखले जाते. कॅथलिक उपासनेत वेदीवर प्रार्थना म्हणणारा धर्मगुरू आजही याच प्रकारे हात पसरतो.

ईश्वराचा हात

आरंभीच्या शतकांत पिता परमेश्वराचे मानवी रूपात चित्रण करणे टाळले जाई. त्याची उपस्थिती ढगांतून किंवा आकाशातून बाहेर आलेल्या केवळ एका हाताने सूचित केली जाई. ही पद्धत ज्यू कलेतही आढळते. सीरियातील दुरा-युरोपोस येथील इ. स. २४४–२४५ च्या सुमाराच्या सभास्थानात अब्राहामाच्या बलिदानाच्या प्रसंगी असा हात रंगवलेला आहे. इटलीतील राव्हेन्ना येथील सान व्हिताले चर्चमधील सहाव्या शतकाच्या कुट्टिमचित्रांतही तो दिसतो. इसहाकावर शस्त्र उगारलेल्या अब्राहामाला हा हात थांबवतो, तर हाबेल व मलकीसदेक यांचे अर्पण तो स्वीकारतो. उत्तर मध्ययुगात पिता परमेश्वर वृद्ध पुरुषाच्या रूपात दाखवला जाऊ लागला व स्वतंत्र हाताचे महत्त्व कमी झाले.

आशीर्वादाची मुद्रा

ख्रिस्ताच्या उजव्या हाताच्या आशीर्वाद-मुद्रेचे दोन मुख्य प्रकार आहेत.

लॅटिन प्रकारात अंगठा, तर्जनी व मध्यमा ताठ असून अनामिका व करंगळी तळव्याकडे मिटलेली असतात. तीन ताठ बोटे म्हणजे पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा) आणि दोन मिटलेली बोटे म्हणजे ख्रिस्ताचे दैवी व मानवी असे दोन स्वभाव, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बोटांची ही ठेवण अपुलेयसच्या वर्णनातील वक्त्याच्या हाताशी मिळतीजुळती असल्याने तिचे मूळ रोमन वक्तृत्वात असल्याचे मानले जाते.

ग्रीक प्रकारात बोटांनी ‘येशू ख्रिस्त’ या नावाची ग्रीक संक्षिप्त अक्षरे दर्शवली जातात. ताठ तर्जनी व किंचित वाकलेली मध्यमा मिळून येशूच्या नावाचे पहिले व शेवटचे अक्षर होते. अंगठा व अनामिका यांची फुली आणि वाकलेली करंगळी मिळून ‘ख्रिस्त’ या शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे होतात. हे स्पष्टीकरण फुर्ना येथील डायोनिसियस या मठवासी चित्रकाराने १८व्या शतकात लिहिलेल्या चित्रकारांच्या मार्गदर्शिकेत आढळते. ख्रिस्ताची हात उचललेली चित्रे त्याहून शेकडो वर्षे जुनी आहेत. सिनाई येथील सेंट कॅथरीन मठातील सर्वसत्ताधारी ख्रिस्ताचे (पँटोक्रेटर) प्रतिमाचित्र सहाव्या शतकातील आहे. त्यात ख्रिस्ताच्या डाव्या हाती ग्रंथ असून उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. जुन्या चित्रांतील बोटांची ठेवण नेहमीच एकसारखी नसते. म्हणून उत्तरकालीन स्पष्टीकरण प्रत्येक चित्राला लागू करता येत नाही.

रशियातील दोन व तीन बोटांचा वाद

बोटांच्या ठेवणीला किती महत्त्व प्राप्त होऊ शकते, याचे सर्वांत तीव्र उदाहरण रशियात घडले. तेथे श्रद्धावंत तर्जनी व मध्यमा या दोन बोटांनी स्वतःवर क्रूसाची खूण करत. ही दोन बोटे ख्रिस्ताचे दोन स्वभाव दर्शवीत, तर अंगठा, अनामिका व करंगळी यांची टोके एकत्र जोडून त्रैक्य सूचित केले जाई. १५५१ च्या मॉस्को येथील धर्मसभेने (स्तोग्लाव) हीच पद्धत बंधनकारक ठरवली होती.

१६५२ मध्ये निकॉन हा रशियन चर्चचा पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) झाला. रशियन उपासनाविधी समकालीन ग्रीक पद्धतीशी जुळावेत यासाठी त्याने सुधारणा हाती घेतल्या. १६५३ मध्ये त्याने तीन बोटांनी क्रूसाची खूण करण्याचा आदेश काढला. या पद्धतीत अंगठा, तर्जनी व मध्यमा एकत्र जोडलेली असून ती त्रैक्य दर्शवतात, तर मिटलेली उरलेली दोन बोटे ख्रिस्ताचे दोन स्वभाव दर्शवतात. म्हणजेच दोन्ही पद्धतींत सांगितलेली श्रद्धा एकच होती. भेद होता तो कोणती बोटे काय दर्शवतात एवढाच. तरीही १६५६ मध्ये दोन बोटांची खूण करणाऱ्यांवर बहिष्काराचा शाप उच्चारण्यात आला आणि १६६६–६७ च्या मोठ्या धर्मसभेने सुधारणांवर शिक्कामोर्तब करून स्तोग्लावचा निर्णय रद्द केला.

सुधारणा नाकारणाऱ्यांना पुढे ‘जुने श्रद्धावंत’ असे नाव पडले. पूर्वजांनी ज्या खुणेने प्रार्थना केली ती चुकीची ठरवणे म्हणजे त्यांच्या मुक्तीवरच शंका घेणे होय, अशी त्यांची भावना होती. आपल्या बाजूचा पुरावा म्हणून ते जुन्या प्रतिमाचित्रांतील ख्रिस्त व संतांच्या हातांकडे बोट दाखवत. या गटाचा नेता अव्वाकुम याला १६८२ मध्ये पुस्तोझेर्स्क येथे जिवंत जाळण्यात आले. त्याची अनुयायी, सरदार घराण्यातील फेओदोसिया मोरोझोवा ही १६७५ मध्ये बोरोव्स्क येथे कैदेत उपासमारीने मरण पावली. वासिली सुरिकोव्ह याच्या १८८७ च्या विख्यात चित्रात साखळदंडांनी बांधलेली मोरोझोवा घसरगाडीतून नेली जात असून तिने दोन बोटे ताठ केलेला हात उंच उगारला आहे. गर्दीच्या कडेला बर्फात बसलेला एक अनवाणी विरक्तही तिला त्याच खुणेने प्रतिसाद देतो. हे चित्र मॉस्कोतील त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात आहे.

दोन बोटांची पद्धत बायझँटियममध्येही पूर्वी प्रचलित होती व रशियात ती तेथूनच आली, असे १९व्या शतकात गोलुबिन्स्की व काप्तेरेव्ह या रशियन इतिहासकारांनी दाखवून दिले. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने १९७१ च्या धर्मसभेत जुन्या विधींवरील बहिष्काराचे शाप रद्द केले.

जोडलेले हात

आज ख्रिस्ती प्रार्थनेची सर्वपरिचित खूण असलेले जोडलेले तळवे हे तुलनेने उशिरा, मध्ययुगात, पश्चिम युरोपीय कलेत रूढ झाले. सरंजामशाहीत मांडलिक गुडघे टेकून आपले जोडलेले हात स्वामीच्या दोन हातांत देत असे व निष्ठेची शपथ घेत असे. प्रार्थनेच्या या मुद्रेचे मूळ त्या विधीत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. या मताप्रमाणे जोडलेले हात हे ईश्वराला केलेल्या संपूर्ण समर्पणाचे चिन्ह ठरते. ही मुद्रा भारतीय नमस्कारासारखी दिसत असली तरी तिची पार्श्वभूमी वेगळी आहे.

आल्ब्रेख्त ड्यूरर याचे १५०८ मधील ‘प्रार्थना करणारे हात’ हे रेखाटन या मुद्रेचे सर्वांत प्रसिद्ध चित्र असून ते व्हिएन्ना येथील आल्बर्तिना संग्रहालयात आहे. फ्रँकफर्ट येथील एका वेदिचित्रातील प्रेषिताच्या हातांसाठी केलेला तो अभ्यास होता. ड्यूररने रंगवलेला त्या वेदिचित्राचा मुख्य भाग १७२९ मध्ये आगीत नष्ट झाला. मात्र हे रेखाटन असंख्य प्रतींच्या रूपाने घरोघरी पोहोचले.

मरीयेच्या मुद्रा

बायझँटाइन परंपरेतील ‘होदेगेत्रिया’ (मार्ग दाखवणारी) या प्रकारात मरीया एका हातावर बाळ येशूला घेते व दुसऱ्या हाताने त्याच्याकडे निर्देश करते. तिचा हात पाहणाऱ्याची दृष्टी स्वतःकडून बाळाकडे वळवतो.

गब्रीएल मरीयेला पुत्रजन्माचा संदेश देतो, त्या प्रसंगाच्या चित्रांत तिच्या हातांना विशेष महत्त्व आहे. १५व्या शतकातील इटालियन प्रवचनकार फ्रा रोबेर्तो काराच्चोलो याने त्या क्षणी मरीयेच्या मनात क्रमाने आलेल्या अवस्था सांगितल्या आहेत : अस्वस्थता, विचार, पृच्छा व समर्पण, आणि त्यानंतरची कृपावस्था. चित्रकार यांपैकी कोणती अवस्था निवडतो हे हातांवरून कळते, असे कलेतिहासकार मायकेल बॅक्सँडॉल यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. सिमोने मार्तिनी याच्या १३३३ च्या चित्रात मरीया अंग आक्रसून मागे सरते व गळ्याजवळ वस्त्र घट्ट धरते. फ्रा आंजेलिको याने फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात रंगवलेली मरीया मात्र हात शरीरापुढे एकमेकांवर ठेवून संदेश स्वीकारते. आंतोनेल्लो दा मेस्सिना याच्या पालेर्मो येथील चित्रात देवदूत दिसतच नाही. मरीयेचा समोर उचललेला उजवा हात हाच त्याच्या येण्याचा पुरावा ठरतो व चित्र पाहणारा देवदूताच्या जागी उभा राहतो.

निर्देश करणारे बोट

ख्रिस्ताकडे दाखवणारे बोट ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची ओळख आहे. मातिआस ग्र्युनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेल्या इझेनहाइम वेदिचित्रात योहानाची अतिशय लांब तर्जनी क्रूसावरील ख्रिस्ताकडे रोखलेली आहे. बायबलनुसार क्रूसारोहणापूर्वीच योहानाचा शिरच्छेद झाला होता. म्हणून येथे तो प्रत्यक्ष साक्षीदार नसून अर्थ सांगणारा आहे. याच चित्रात ख्रिस्ताच्या खिळलेल्या हातांची बोटे वेदनेने ताठरून आकाशाकडे पसरलेली आहेत. हे वेदिचित्र ज्या मठासाठी काढले गेले, तेथे ‘संत अँथनीचा अग्नी’ या रोगाने पीडित रुग्णांची शुश्रूषा होई. या रोगात हातपाय सडून गळून पडत. अशा रुग्णांना ख्रिस्ताच्या हातांत स्वतःचे दुःख दिसत असे, असे मानले जाते. हे वेदिचित्र सध्या फ्रान्समधील कोल्मार येथे आहे.

लिओनार्दो दा विंची याच्या ‘अंतिम भोजन’ (सु. १४९५–९८) या भित्तिचित्रात थोमा या प्रेषिताने तर्जनी वर उचलली आहे. याच बोटाने तो पुढे पुनरुत्थित ख्रिस्ताच्या जखमेची खात्री करून घेईल, असा संकेत त्यात पाहिला जातो. मुक्या माणसांचे हातवारे पाहून भावदर्शन शिकावे, असा लिओनार्दोचा चित्रकारांना उपदेश होता.

स्पर्श, पकड व नकार

पुनरुत्थानानंतर मरीया मग्दालीया ख्रिस्ताला ओळखून हात पुढे करते व तो तिला थांबवतो, हा योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग ‘नोली मे तांगेरे’ (मला स्पर्श करू नकोस) या लॅटिन नावाने ओळखला जातो. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ धरून न ठेवण्याविषयी आहे, असेही सांगितले जाते. जोत्तो याने पादुआ येथे सु. १३०५ मध्ये रंगवलेल्या चित्रात तिचे पसरलेले हात व त्याचा आवरणारा हात यांच्यामधील रिकामी जागा हीच चित्राचे केंद्र आहे. याउलट काराव्हाज्जो याच्या थोमाविषयीच्या चित्रात (सु. १६०१–०२) ख्रिस्त स्वतः थोमाचा हात धरून त्याचे बोट जखमेत नेतो.

ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरून आदाम व हव्वा यांना वर काढतो, या प्रसंगाच्या बायझँटाइन चित्रांत तो त्यांना तळहाताने न धरता मनगटाने धरतो. इस्तंबूलमधील खोरा चर्चमधील १४व्या शतकाच्या आरंभीचे भित्तिचित्र हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. मनुष्य स्वतःच्या बळावर उठत नसून त्याला उठवले जाते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पवित्र वस्तू वस्त्राने झाकलेल्या हातांनी घेणे ही आदराची खूण दरबारी रिवाजातून आली. राव्हेन्ना येथील सांत’आपोल्लिनारे नुओव्हो चर्चमधील हुतात्मे अशाच प्रकारे मुकुट घेऊन चाललेले आहेत. हात धुणारा पिलात हे जबाबदारी नाकारण्याचे चिन्ह असून हा प्रसंग इ. स. ३५९ मधील युनियस बास्सस याच्या शवपेटिकेवर कोरलेला आहे.

शोक व लज्जा

गालाला टेकवलेला हात ही शोकाची प्राचीन खूण होय. क्रूसारोहणाच्या चित्रांत योहान हा शिष्य बहुधा अशा मुद्रेत उभा असतो. जोत्तोच्या पादुआ येथील विलापचित्रात तोच योहान दोन्ही हात मागे फेकून ख्रिस्ताच्या मृतदेहावर झुकतो. फ्लॉरेन्समधील ब्रांकाच्ची प्रार्थनागृहात मासाच्चो याने सु. १४२५ मध्ये रंगवलेला, एदेन बागेतून हाकलला गेलेला आदाम दोन्ही हातांनी चेहरा झाकतो, तर हव्वा हातांनी शरीर झाकते. यांतील पहिली खूण पश्चात्तापाची व दुसरी लज्जेची मानली जाते.

भारतातील उदाहरणे

१५८० मध्ये गोव्याहून जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारी पोहोचले व त्यांच्याबरोबर युरोपीय मुद्रिते व चित्रे मोगल चित्रशाळेत आली. अबुल हसन या चित्रकाराने सु. १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, ड्यूररच्या क्रूसारोहणाच्या मुद्रितातील शोकाकुल योहानाची प्रतिकृती केली. तीत योहानाचे एकमेकांत गुंतवलेले हात काळजीपूर्वक उतरवलेले आहेत. हे चित्र ऑक्सफर्ड येथील अॅशमोलियन संग्रहालयात आहे.

गोव्यात १७व्या शतकात घडवलेल्या ‘उत्तम मेंढपाळ’ या हस्तिदंती मूर्तींत बाल येशू डोळे मिटून, उजव्या हातावर मस्तक टेकवून बसलेला दिसतो. या मुद्रेत काही अभ्यासकांना बौद्ध ध्यानमूर्तींचा प्रभाव जाणवतो. विसाव्या शतकात गोव्यात जन्मलेले व पुण्यात दीर्घकाळ कार्य केलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी साडी नेसलेली मरीया व भारतीय परिसर यांतून ख्रिस्ती विषय रंगवले.

अर्थनिर्णयातील अडचणी

एकाच मुद्रेचा अर्थ काळ, प्रदेश व प्रसंग यांनुसार बदलतो. काही वेळा तो चित्रातूनही निश्चित होत नाही. काराव्हाज्जोच्या ‘संत मत्तयाला पाचारण’ (१५९९–१६००) या रोममधील चित्रात ख्रिस्ताचा पुढे केलेला हात मायकेलअँजेलोच्या ‘आदामाची निर्मिती’ या चित्रातील आदामाच्या हाताची आठवण करून देतो. परंतु बोलावणे नेमके कोणाला आहे, याविषयी मतभेद आहेत. मेजाशी बसलेला दाढीधारी पुरुष बोटाने स्वतःकडे निर्देश करतो, असे परंपरेने मानले जाते. तो शेजारी मान खाली घालून पैसे मोजणाऱ्या तरुणाकडे बोट दाखवतो व तो तरुणच मत्तय आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

मधले बोट व अनामिका एकमेकांना चिकटवून छातीवर ठेवलेला हात एल ग्रेको याच्या व्यक्तिचित्रात (सु. १५८०, प्रादो संग्रहालय) दिसतो. त्यात गुप्त संकेत शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. बोटांची अशी ठेवण त्या शतकातील इतर अनेक चित्रकारांच्या कृतींतही आढळत असल्याने ती प्रामुख्याने डौलदार हात रंगवण्याची तत्कालीन रीत असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. म्हणून एखाद्या मुद्रेचा अर्थ ठरवताना चित्राचा काळ, ते जेथे लावले गेले ती जागा, तत्कालीन उपासनाविधी व त्याच परंपरेतील इतर चित्रे यांचा एकत्रित विचार करावा लागतो.